दोन जाहीरनामे आणि एक चौथी सीट

माणसानं काय वाचावं याला काही नियम नाही. माझे एक मामा रेल्वेचं टाइमटेबल कादंबरीसारखं वाचत आणि मनमाडला गाडी वेळेवर पोचली की त्यांचे डोळे पाणावत. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचतात आणि त्यात छापलेले सगळे दुष्परिणाम संध्याकाळपर्यंत स्वतःला होऊ लागल्याचं जिन्यात सांगतात. मी निवडणुकीचे जाहीरनामे वाचतो.

हे कबूल करताना मला थोडा संकोच वाटतो. कारण जाहीरनामा ही वाचायची वस्तू आहे असं खुद्द ती काढणाऱ्यांचंही मत नसावं. पाच-सात पुढारी एका रांगेत उभे राहतात, पुस्तक छातीशी धरतात, फोटो निघतो आणि पुस्तकाचं अवतारकार्य समाप्त होतं. आपल्याकडे पहिल्यावहिल्या कवितासंग्रहालासुद्धा समीक्षक मिळतो. मग ज्या पुस्तकाच्या जोरावर पाच वर्षं राज्य चालायचं, त्यालाच तेवढा मिळू नये, हे काही बरं नाही. ती उणीव मी भरून काढायची ठरवली.

माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. साहित्यातला अधिकार एवढाच, की कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मराठीत मला अठ्ठावन्न मार्क होते. पण कागद वाचणं हा माझा धंदा आहे. बँकेच्या कर्ज विभागात वीस वर्षं काढलेला मी बी.कॉम. कारकून आहे. आमच्याकडे बँक सही घेण्याआधी वाचते आणि गिऱ्हाईक सही केल्यानंतर वाचतं. मतदार त्याच्याही पुढचा. तो मत देऊन झाल्यावरसुद्धा वाचत नाही.

शिवाय मी मधला माणूस आहे. ना इकडचा, ना तिकडचा. मध्य रेल्वेच्या लोकलनं ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना हे लगेच कळेल. डब्यातलं बाक तिघांचं असतं आणि त्यावर चौथा बसतो. 'जरा सरकता का?' म्हटलं की तिघंही किंचित सरकल्यासारखं करतात, कोणीच सरकत नाही, आणि चौथा आपला अर्धा देह बाकावर आणि अर्धा हवेत ठेवून बसतो. माझं राजकारणातलं स्थान नेमकं हेच आहे. आमच्या ग्रुपमध्ये खिडकीशी बसणारे गृहस्थ एका बाजूचे कट्टर, त्यांच्या शेजारचे दुसऱ्या बाजूचे. मी म्हणतो, "तुमचं रस्त्याचं म्हणणं पटतं, पण यांचं शाळेचंही पटतं." त्यावर दोघं माझ्याकडे, विनातिकीट सापडलेल्या इसमाकडे बघावं तसं बघतात. त्या दोघांचं आजवर एकाच मुद्द्यावर एकमत झालंय, ते म्हणजे मला कणा नाही. अहो, चौथ्या सीटवर बसणाऱ्याइतका कणा लागतो कुणाला! डोंबिवली ते दादर अर्धं अंग हवेत ठेवून जायचं, ते काय कण्यावाचून?

तर १० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे विधानसभेच्या मतदानाला दहा दिवस उरले असताना, मुंबईत एकाच दिवशी दोन पुस्तकं प्रकाशित झाली. भारतीय जनता पक्षाचं 'संकल्पपत्र' आणि महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा'. दिवस रविवारचा होता. मी दोन्ही मिळवली, सौ.नं निवडायला दिलेली मेथी बाजूला सारली आणि वाचायला बसलो.

समीक्षेची सुरुवात शीर्षकापासून करावी, असा रिवाज आहे. 'संकल्प' हा शब्द फार सूचक. सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प गुरुजी सांगतात, यजमानानं फक्त 'मम' म्हणायचं आणि हातावरून पाणी सोडायचं. दक्षिणाही अर्थात यजमानाचीच. एवढ्या अचूक शीर्षकाबद्दल मी पहिल्या पुस्तकाला पैकीच्या पैकी मार्क दिले. दुसऱ्याचं शीर्षक भारदस्त आहे, पण 'नामा' म्हटलं की आमच्यासारख्या कागदी माणसाच्या मनात नको त्या गोष्टी येतात. करारनामा, मुखत्यारनामा, राजीनामा आणि शेवटी पंचनामा.

आता भाषाशैली. दोन्ही पुस्तकं भविष्यकाळात लिहिलेली आहेत. हा मराठी गद्यातला एकमेव प्रकार, ज्यात भूतकाळ फक्त दुसऱ्याला असतो. क्रियापदं पाहावीत : देणार, उभारणार, वाढवणार. जिथे काम अवघड आहे तिथे शैली हळूच बदलते आणि 'केले जाईल', 'राबविण्यात येईल' असं होतं. आमचे मराठीचे सर सांगत, कर्मणी प्रयोगात कर्त्याला महत्त्व नसतं. जाहीरनाम्यात तो घटनास्थळीच नसतो. 'राबविण्यात येईल', पण कोणाकडून? तर कोणाकडून तरी.

पात्ररचना दोन्हीकडे सारखीच. लाडकी बहीण आहे, शेतकरी आहे, बेरोजगार तरुण आहे, ज्येष्ठ नागरिक आहे. पगारातून न चुकता कर कापून घेणारा, कर्जाचा हप्ता पाच तारखेला भरणारा असा एक इसम मी दोन्ही पुस्तकांत शोधत होतो. तो रंगमंचावर येत नाही. नाटकात जसा एखादा माणूस विंगेत उभा राहून पडदा ओढतो, तसा तो पानामागे असावा. त्याला संवाद नाहीत, पण त्याच्यावाचून प्रयोग होत नाही.

कथानक मात्र चढत जाणारं आहे. जुलै २०२४मध्ये लाडक्या बहिणीला महिना १,५०० रुपये सुरू झाले. निवडणुकीत महायुती म्हणाली, २,१००. आघाडी म्हणाली, ३,०००. आमच्या गणेशोत्सवात विसर्जनाच्या दिवशी मानाच्या नारळाचा लिलाव होतो, त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की तिथे बोली बोलणारा स्वतःच्या खिशात हात घालून बोलतो.

मी पेन्सिल घेतली. हिशेब सोपा पडावा म्हणून बहिणी दोनच कोटी धरल्या. प्रत्यक्षात तेव्हा त्याहून जास्त होत्या. १,५०० रुपयांनी वर्षाचे ३६,००० कोटी होतात. २,१०० रुपयांनी ५०,४०० कोटी. ३,००० रुपयांनी ७२,००० कोटी. हे एका पात्राचं झालं. बाकीची पात्रं अजून बाहेर रांगेत उभी होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली जाहीरनाम्यांसाठी नियम करायला सांगितलं, तेव्हा निवडणूक आयोगानं आचारसंहितेत एक कलम घातलं, की वचनांसाठी पैसा कुठून आणणार ते ढोबळमानानं तरी सांगावं. म्हणून मी दोन्ही पुस्तकांत सगळ्या वचनांची एकूण बेरीज शोधली. मला काही सापडली नाही. बी.कॉम.ला ताळेबंदाची एकच बाजू लिहून मी पेपर दिला असता, तर आज बँकेत नसतो. कदाचित राजकारणात असतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा पोट भरलेल्या माणसाची होईल. आमच्याकडे पोळ्या करायला बाई येतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये खात्याला आधार जोडून घ्यायला बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या, तेव्हा त्यांचा फॉर्म मीच भरून दिला. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० रुपये जमा झाले. बाई म्हणाल्या, "दादा, माझ्या नावावर पैसे आलेले मी पहिल्यांदा बघितले." त्यातून मुलाचे बूट आले आणि उरलेले त्यांनी चक्क ठेवून दिले. वीस वर्षांत माझ्या हातून मोठमोठी कर्जं गेली आहेत, पण तीन हजारांसाठी इतकी नीट घडी घातलेलं पासबुक मी पाहिलं नव्हतं. तेव्हा देण्याला माझा विरोध नाही. पुढे निवडणूक झाली, सरकार आलं, आणि एक दिवस पोळी लाटता लाटता बाईंनी विचारलं, "दादा, ते एकवीसशे कधी येणार?" मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते, आणि एकवीसशेचं नाव नव्हतं. त्याच अर्थसंकल्पाप्रमाणे राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार होतं. मी बाईंना म्हटलं, "येतील." दोन जाहीरनामे वाचलेला समीक्षकही शेवटी भविष्यकाळातच बोलला.

आणखी एका शब्दाबद्दल लिहिलं नाही, तर माझ्या धंद्याशी बेइमानी होईल. तो शब्द म्हणजे 'गॅरंटी'. २०२४ साली तो सर्व पक्षांच्या तोंडी होता. आमच्याकडे गॅरंटी १८७२च्या करार कायद्याच्या १२६व्या कलमाप्रमाणे चालते. त्यात तीन माणसं लागतात : कर्ज घेणारा, कर्ज देणारा आणि जामीनदार. आता राजकीय गॅरंटीत जामीनदार कोण, तर पक्ष. पैसे देणारा कोण, तर मी. आणि सरकारचं कर्ज शेवटी फेडायचं कोणी, तर तेही मीच. म्हणजे मी माझ्याकडून कर्ज घ्यायचं, मीच ते फेडायचं, आणि यांनी मध्ये उभं राहून फोटो काढायचा. त्याच कायद्याचं १३३वं कलम म्हणतं, की जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या तर जामीनदार सुटतो. इथे मतदाराला न विचारता करारच बदलला, तर मतदार सुटतो का? नाही. तो अडकतो.

हे मी उगाच म्हणत नाही. २०१९ सालचंच घ्या. भाजपच्या १०५ आणि शिवसेनेच्या ५६ जागा आल्या, १६१ झाल्या, १४५ला बहुमत. बेरीज जुळली म्हणून आम्ही वही मिटली. पुढे काय काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे. २३ नोव्हेंबरच्या सकाळी चहा घेताना कळलं, की देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झालासुद्धा. २६ला राजीनामा. २८ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांची शपथ, सोबतीला ज्यांच्याविरुद्ध लढले ते दोन पक्ष. जून २०२२मध्ये आमदार सुरत, गुवाहाटी आणि गोवा करून आले आणि एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. जुलै २०२३मध्ये अजित पवार त्याच सरकारात आले. फेब्रुवारी २०२३मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४मध्ये घड्याळ, दोन्ही चिन्हं नव्या मालकांच्या नावावर वर्ग झाली.

मी २०१९ला मत कोणाला दिलं ते सांगणार नाही, मतदान गुप्त असतं. पण गंमत अशी, की सांगायची गरजच नाही. चारांपैकी कोणालाही दिलं असतं, तरी पाच वर्षांत ते मत एकदा तरी ज्याला द्यायचं नव्हतं त्याच्या शेजारी जाऊन बसलंच असतं. खिडकीवाले आणि त्यांचे शेजारी यांनी पाच वर्षांत बचावासाठी घेतलेले मुद्दे इतक्या वेळा अदलाबदल केले, की शेवटी एकमेकांची वाक्यं ते एकमेकांना पाठ म्हणून दाखवू लागले. मी चौथ्या सीटवर जिथे होतो तिथेच होतो. बाकच सारखं हलत होतं.

आमचे हेडकॅशियर या सगळ्यावर शांत असतात. "यात नवीन काय आहे?" ते म्हणतात. "१९६७ साली हरियाणात गयालाल पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलून गेले. १९७८ साली शरद पवार वसंतदादांचं सरकार सोडून बाहेर पडले आणि पुलोदचे मुख्यमंत्री झाले. १९८५ साली त्यावर कायदा आला. एकतृतीयांश फुटले तर फूट, असं त्यात होतं. २००३ साली ते काढलं आणि दोनतृतीयांशचं विलीनीकरण तेवढं ठेवलं." बँकेच्या भाषेत सांगायचं तर तिजोरीतले पैसे एकट्यानं नेले तर अफरातफर, तिघांतल्या दोघांनी मिळून नेले तर खातं वर्ग झालं. हेडकॅशियर पुढच्या वर्षी निवृत्त होतात. शांत राहणं त्यांना परवडतं.

मला ते का परवडलं नाही, त्याचं कारण आमची कन्या. त्या नोव्हेंबरमध्ये तिचं पहिलं मतदान होतं. पहिल्या मताचं तिला कोण अप्रूप! जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही दोन्ही वाचलेत ना? मग कोणाला द्यायचं?"

इतकी वर्षं मी मधला असल्याचा मनातून मला अभिमान होता. दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा, तोलून मापून बोलणारा. पण अठरा वर्षांच्या मुलीनं सरळ प्रश्न विचारल्यावर लक्षात आलं, की माझ्याकडे तराजू आहे आणि त्यात घालायला काही नाही. मी म्हटलं, "दोन्हींत काही चांगलं आहे, काही वाईट आहे."

"हे तुम्ही दोडक्याच्या भाजीबद्दलही म्हणता," सौ. म्हणाली.

"मग नोटा?" कन्येनं विचारलं.

नोटाचाही माझा अभ्यास होता. २०१३ साली न्यायालयानं ते बटण दिलं. २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांवर मतं पडली आणि नोटा दुसरा आला. पण विधानसभेला नोटा पहिला आला तरी निवडून दुसराच येतो. ही आमच्या तक्रारवहीसारखी सोय आहे. लिहिणाऱ्याला बरं वाटतं, आणि वही आम्ही दोऱ्यानं टेबलाला बांधून ठेवलेली असते.

थोडा वेळ गप्प राहून कन्या म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे कोणी कर्ज मागायला आलं की तुम्ही आधी काय बघता?"

"मागचं फेडलं का ते."

"मग यांचं बघितलंत?"

मी जेवण टाकून उठलो. माळ्यावरून २०१९ची पुस्तकं काढली, धूळ झटकली. वीस वर्षं कर्ज विभागात काढलेल्या माणसानं नवा अर्ज आवडीनं वाचावा आणि जुनं खातं उघडूनही पाहू नये, ही समीक्षेतली नव्हे, नोकरीतली चूक होती. रात्री बारापर्यंत आम्ही बापलेक बसलो. सगळंच बुडीत होतं असं नाही, खरं ते सांगितलं पाहिजे. शिवसेनेनं दहा रुपयांत थाळी म्हटलं होतं, ती २६ जानेवारी २०२०पासून शिवभोजन म्हणून आली. काँग्रेस-राष्ट्रवादीनं कर्जमाफी म्हटलं होतं, दोन लाखांपर्यंतची योजना डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झाली. भाजपनं पाच वर्षांत एक कोटी रोजगार म्हटलं होतं. पण महिनाभरात ते सरकारबाहेर, अडीच वर्षांनी पुन्हा आत, आणि तेही वेगळ्या मुख्यमंत्र्याच्या हाताखाली. मग त्या एक कोटींचा हिशेब मागायचा कोणाकडे? ते म्हणणार, आम्ही नव्हतो. दुसरे म्हणणार, ते आमचं वचनच नव्हतं. आणि तिसऱ्यांचा पक्षच तेव्हाचा उरलेला नाही.

तेव्हा कुठे माझी समीक्षा पूर्ण झाली. माझं भांडण वचनांशी नाही. वचनं मोठी असतात, असायचीच. लग्नातही माणूस सात पावलं चालताना बरंच काही कबूल करतो. भांडण हे, की वचनाखाली सही करणारा पुढे त्या पत्त्यावर सापडत नाही. मधल्या माणसाला मधली धोरणं हवी असतात, असा दोन्ही बाजूंचा समज आहे. तो खोटा आहे. त्याला फक्त कर्जदार सापडायला हवा असतो. उजवा असो, डावा असो, पाच वर्षं त्याच घरात राहणारा असावा.

२० नोव्हेंबरला आम्ही तिघं रांगेत उभे राहून मतदान करून आलो. त्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. पाच वर्षांत माझं मत मी ज्याला दिलं त्याच्याच जवळ असल्याचं मला खात्रीनं माहीत असतं, ते तेवढे सात सेकंद. बाहेर आल्यावर कन्येला विचारलं, "कोणाला दिलंस?" ती म्हणाली, "मतदान गुप्त असतं." पण बोटावरची शाई तिनं आठवडाभर जपली. आंघोळ करताना ते बोट वर धरत होती.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला. पहाटेच्या त्या शपथविधीला त्याच दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. मी दोन्ही जाहीरनाम्यांना पंचिंग मशीननं भोकं पाडली, फाइलला लावले आणि आमच्या घरकर्जाच्या कागदांशेजारी ठेवले. तेव्हा सवयीनं एक गोष्ट आठवली. मुदतीच्या कायद्याप्रमाणे कर्जाचा कागद तीन वर्षांत शिळा होतो. कर्जदाराकडून 'होय, मी देणं लागतो' असं मुदतीच्या आत लिहून घ्यावं लागतं, नाहीतर दावा करता येत नाही. आणि निवडणूक येते पाच वर्षांनी! म्हणजे दर वेळी आम्ही वसुलीला जातो, तेव्हा येणं बुडून दोन वर्षं झालेली असतात.

कन्येला हे सांगितलं, तर तिनं वहीतला कागद फाडून पुढे ठेवला. "मग लिहा. नोव्हेंबर २०२७च्या आत पाठवायचं." आम्ही मसुदा केला : 'माननीय आमदार महोदय, आपण नोव्हेंबर २०२४मध्ये दिलेली वचने सोबत जोडली आहेत. त्यांपैकी किती फेडली व किती देणे आहे, ते कळवून खाली सही करावी. त्यात आमच्या पोळ्या करणाऱ्या बाईंचे ६०० रुपये महिना वेगळे दाखवावेत. कळावे, आपला, एक मतदार.'

मी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला. आमदारांचं नाव लिहिलं, खाली पक्षाचं नाव लिहू लागलो, तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली,

"पक्षाचं पेन्सिलीनं लिहा हो."